कोंबड्यांचा तांदूळ

अंबाजी भायदेच्या गिरणीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘तांदूळ बघा, मग बोला’. अक्षरं त्याने स्वतःच काढलेली, त्यामुळे जागेचा अंदाज चुकला आणि शेवटचा शब्द कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या भिंतीवर गेला. बोर्ली पंचतनच्या बाजारातून आंबेटेपला येणाऱ्या माणसाला आधी नुसतंच ‘बोला’ दिसायचं, आणि कशाबद्दल बोलायचं ते गिरणीच्या दारात आल्यावर कळायचं. तिथे आल्यावर मात्र बोलायला काही उरायचं नाही. तांदूळच तसा असायचा.

आमच्याकडे शेतातल्या दाण्यालाही भात म्हणतात आणि ताटातल्या अन्नालाही, हे परक्या माणसाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. तर शेतातलं भात गिरणीत पडलं की पहिल्या फेरीत वरचं तूस उडतं आणि आतून तपकिरी, मळकट दाणा निघतो. दुसऱ्या फेरीत त्याच्या अंगाला चिकटलेला कोंडा निघतो आणि तांदूळ पांढरा होतो. बाकीच्या गिरण्यांचं काम इथे संपतं. अंबाजीचं इथे सुरू व्हायचं. तो तिसरी फेरी द्यायचा. त्या फेरीतून निघालेला तांदूळ इतका पांढरा असायचा की लग्नघरातल्या बायका तो सुपात घेऊन शेजारणींना दाखवत फिरायच्या, धुवायचा की नुसता बघायचा असा प्रश्न पडल्यासारख्या. पंचक्रोशीत मुलीचं लग्न ठरलं की आधी अंबाजीला तारीख कळायची, मग भटजीला.

या पांढऱ्या रंगाचं वेड त्याला उगाच लागलेलं नव्हतं. त्याची आई कोंबडा आरवायच्या आधी उठून उखळात भात सडायची. घरात खाणारी तोंडं अकरा. मुसळाने तिच्या तळहातांना असे घट्टे पडले होते की लहानपणी अंबाजीच्या पाठीवरून तिने हात फिरवला तर त्याला ओरखडे उठायचे. हातसडीच्या तांदळाचं कौतुक ज्यांनी तो कधी सडला नाही तीच माणसं करतात. त्या काळी मळकट भात म्हणजे गरिबी आणि पांढरा भात म्हणजे म्हसळ्याचे व्यापारी. बापाने डिझेलचं इंजिन आणून गिरणी बसवली, तेव्हा पहिला पांढरा तांदूळ आईने ओंजळीत घेतला आणि म्हणाली, “आता माझ्या सुनंचं हात मऊ ऱ्हातील.” अंबाजी तेव्हा आठ वर्षांचा होता. त्या ओंजळीतला तांदूळ त्याच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही.

सुनेचे, म्हणजे मनुबाईचे हात खरोखरच मऊ राहिले. जीभ मात्र उखळातून काढल्यासारखी होती, आणि त्या जिभेनेच एका अर्थी अंबाजीचा जीव वाचवला. गेल्या वर्षी ऐन वैशाखात कोंड्याचं पोतं उचलताना अंबाजीला छातीत दाटल्यासारखं झालं. डावा खांदा जड झाला, घाम फुटला. “वायगोळा हाय, ओवा दे,” असं म्हणून तो खाटेवर आडवा पडला. मनुबाईने ओवा दिला नाही. ती अंगणात जाऊन अशा काही आवाजात ओरडली की शेजारच्या विनेशने जेवत्या ताटावरून उठून टेम्पो काढला. तासाभरात अंबाजी सरकारी दवाखान्यात होता आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात. हृदयाची एक नळी अरुंद झाली होती, तिथे जाळी बसवली. मुंबईहून रितेश, त्याचा मुलगा, धावत आला, आणि बाप उठून बसल्यावर बापालाच ओरडला. ओरडताना रडत होता, त्यामुळे तो काय म्हणत होता ते कुणालाच नीट कळलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या. मग जेवणाकडे वळले.

“पांढरा भात किती खाता?”

“दोन टायमाला. पोटभर.”

“आता कमी करायचा. नाचणी, कुळीथ, वाल, पालेभाज्या, पेरू, असं सगळं वाढवायचं. त्यात तंतू असतात. ते तुमच्या हृदयाला हवेत. भात खायचाच झाला तर कोंड्यासकटचा खा, बिनपॉलिशचा. काम काय करता?”

“भात गिरनी हाय, सायेब.”

“म्हणजे तो कोंडा तुम्हीच काढता?”

“तीन येळा,” अंबाजी म्हणाला. खाटेवरही त्याची छाती थोडी फुगली.

डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. “आणि काढलेला कोंडा कोण खातं?”

“म्हशी खातात. कोंबड्या खातात.”

“त्यांना कधी छातीत कळ आलेली बघितलीत?”

मनुबाई हसली, ते अंबाजीला आवडलं नाही. गावापर्यंत तो तिच्याशी बोलला नाही.

पण अंबाजी हट्टी होता तसा मेहनतीही होता. काम करायचं तर पुरतं करायचं, ही त्याची रीत. तंतू कोंड्यात असतात ना? गिरणीत कोंड्याचा ढीग छपराला टेकलेला. मग तांदळात शोधत कशाला बसायचं? त्याने दुसऱ्याच दिवशी सकाळी ताज्या कोंड्याच्या चार मुठी तोंडात कोंबल्या आणि अर्ध्या कप चहाबरोबर गिळल्या. दुपारी चार, संध्याकाळी चार. औषधच ते, चवीचा प्रश्न नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट नमनखेळ्यांच्या मृदंगासारखं ताठ झालं आणि शौचाला होईना. त्याला वाटलं, जाळी खाली सरकली.

आरोग्य उपकेंद्रातली नर्स क्रांती स्कूटरवरून आली. ही म्हसळ्याची मुलगी, गावात येऊन तीन वर्षं झालेली. बोलायला गोड, पण एकदा वही उघडली की पुढाऱ्यालाही सोडायची नाही. तिने पोट दाबून पाहिलं, रक्तदाब घेतला आणि विचारलं, “काका, कोंडा किती खाल्लात?”

“दिसाला बारा मुठी.”

“आणि पाणी?”

“पानी कशाला?”

क्रांतीने कपाळाला हात लावला. मग शेजारी बसून नीट समजावलं. “काका, सब्जाचं बी पाण्यात टाकल्यावर काय होतं?”

“फुगतं. बुळबुळीत व्हतं.”

“काही तंतू पोटात अगदी तस्सेच होतात. त्या बुळबुळीत लगद्यात आतड्यातलं पित्त अडकतं आणि शौचावाटे बाहेर जातं. मग यकृताला नवीन पित्त बनवावं लागतं, आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. नळ्यांत साचायला तेवढं कमी उरतं. पण या जातीचे तंतू कुळथात, वालात, पेरूत जास्त. तुमच्या कोंड्यात जे आहेत ते बरेचसे पोट साफ ठेवणारे. सगळेच लागतात. पण हळूहळू वाढवायचं, आणि पाणी भरपूर प्यायचं. तुम्ही तर कोरडा भुसाच ठासलात. आणि गोळ्या सोडायच्या नाहीत, तंतू म्हणजे गोळ्यांना पर्याय नव्हे.”

“आनि मी कंचा तांदूळ खाऊ मंग?”

“माणसांसारखं जेवा. पहिल्या फेरीचा तांदूळ, वाटीभर. बाकी ताट भाजी-उसळीने भरा. कोंडा म्हशीला राहू दे, नाहीतर ती आपला वाटा मागायला तुमच्या दारात येईल.”

अंबाजीला तिचं पटलं. पण तो खाटेवर पडून वाशांकडे बघत राहिला, आणि मनुबाईला कळलं की याच्या डोक्यात काहीतरी दुसरंच चाललंय. आणि ते काय, हेही तिला कळलं. तांदूळ बघा, मग बोला. ते लिहिणारा माणूस स्वतः मळकट तांदूळ खाणार. बोर्लीपर्यंत बातमी जायला किती वेळ? ‘अंबाजी आपला तांदूळ आपन खात न्हाय’ असं एकदा कुणी म्हटलं की संपलं. न्हाव्याने दुसऱ्याकडून दाढी करून घेण्यातला प्रकार.

म्हणून त्याने एक युक्ती काढली. युक्ती म्हणजे काय, खोटंच. पहिल्या फेरीचा तांदूळ एका वेगळ्या पोत्यात भरून ठेवायचा आणि पोत्यावर खडूने लिहायचं, ‘कोंबड्यांचा’.

घरात मनुबाईच्या चार कोंबड्या होत्या. त्यातली एक खुडूक. दर आठवड्याला अंबाजी त्या चौघींसाठी पिशवीभर तांदूळ घरी न्यायला लागला. पहिले काही दिवस कुणी विचारलं नाही. मग गिरणीत भात घेऊन आलेल्या बायका विचारायला लागल्या. मग पारावर चर्चा झाली. विनेशने एक दिवस गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “काका, येवढा तांदूळ खाऊन अंडी केवढी देत असतील! दोन मला ठेवा. टेम्पोत मावतील ना?”

घरी मनुबाई तो तांदूळ जास्त पाणी घालून, आधी दोन तास भिजवून शिजवायची. सोबत कुळथाचं पिठलं, कधी टाकळ्याची भाजी, कधी वालाचं बिरडं. अंबाजी दार लोटून जेवायचा. “कोंबडीनं दार लोटून खाल्लेलं मी आजून बघितलं न्हवतं,” मनुबाई म्हणायची. पण तिच्या थट्टेतली भीती अंबाजीला कळत होती. रात्री तो झोपला की ती त्याच्या छातीवर हात ठेवायची. त्याला जाग असायची, तो झोपल्याचं सोंग करायचा.

पावसाळा संपेपर्यंत अंबाजीचं पोट दोन बोटं आत गेलं. दसऱ्यानंतर रक्त तपासलं तर आकडे उतरले होते. क्रांतीने ‘गोळ्यांनी आणि जेवणाने, दोन्हींनी’ असं स्पष्ट बजावलं, पण अंबाजी मनात कोंबड्यांचे आभार मानत परत आला.

आता रघूबद्दल सांगायला हवं. रघू अंबाजीचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी एकाच बाकावर बसून तिसरी दोनदा केली. वरच्या आळीत रघूचं घर, खाडीकडे उतारावर शेत. गेली चाळीस वर्षं एक रीत होती: कार्तिकात नव्या भाताचं पहिलं पोतं गिरणीत पडायचं ते रघूचं. इंजिनाचा पट्टा फिरायला लागला की दोघे यंत्राच्या तोंडाशी उभे राहायचे, गरम तांदूळ बाहेर पडला की एकेक मूठ तोंडात टाकायचे, आणि मगच बाकीच्यांची पोती घ्यायची. त्या मुठीशिवाय गावात हंगाम सुरू झाला असं कुणी मानायचं नाही.

नवरात्रात उपकेंद्रात शिबिर झालं होतं, त्यात रघूचंही रक्त तपासलं होतं. कोलेस्टेरॉल भलतंच वर. क्रांतीने त्याला चिठ्ठी लिहून दिली होती, हृदयाची तपासणी करायची, तंबाखू सोडायची, जेवण बदलायचं, महिन्याने परत यायचं. ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घालून रघू कार्तिकातल्या त्या सकाळी पहिलं पोतं घेऊन आला.

गिरणीत दहा-बारा माणसं होती. पट्टा सुरू व्हायचा होता. रघूने चिठ्ठी काढून अंबाजीपुढे धरली.

“अंबाजी, तुझ्या छातीत जाळी हाय आनि तू माझ्यापरीस ताजा दिसतूस. ही पोर म्हनते पांढरा भात कमी कर. तू काय खातूस ते सांग. तू खाशील ते मी खाईन. दुसऱ्या कुनाचं मी ऐकनार न्हाय.”

दहा-बारा माणसं ऐकायला लागली. त्यांच्यातली दोन बोर्लीची, लग्नाच्या तांदळासाठी आलेली. पोतं कोपऱ्यात उभं होतं, खडूची अक्षरं सगळ्यांना दिसत होती. अंबाजीने पोत्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“काय खातंय म्हंजे?” तो मोठ्याने म्हणाला. “ह्योच. तीन फेऱ्यांचा. डाक्तर सांगतात तसं सगळं करायला लागलो तर जगायचं कवा? गोळी घेतो, झालं.”

रघूचा चेहरा उजळला. “बघ! मी म्हनलो व्हतो ना!” त्याने चिठ्ठीची घडी करून पट्ट्याखाली खुपसली, इंजिनाच्या पायाशी. पट्टा फिरला, आणि दोघांनी मूठभर पांढरा गरम तांदूळ तोंडात टाकला. अंबाजीला तो गिळवला नाही. तोंडातच धरून तो बाहेर गेला आणि कुंपणापाशी थुंकून आला. कुणी पाहिलं नाही.

त्या रात्री त्याने ठरवलं, उद्या रघूला एकट्याला गाठून खरं सांगायचं. दुसऱ्या दिवशी गिरणीत गर्दी होती. तिसऱ्या दिवशी रघू म्हसळ्याला गेला होता. मग हंगाम चढला. असं करता करता पौष आला. चांगलं काम पुढे ढकलायला माणसाला कारण शोधावं लागत नाही, कारणंच माणसाला शोधत येतात.

पौषात वालाच्या शेंगा भरतात. रघू सकाळी शेतात शेंगा काढत होता, तेव्हा त्याला घाम फुटला आणि तो बांधावर बसला. त्याच्या बायकोने मनुबाईची गोष्ट ऐकलेली होती, त्यामुळे तिनेही ओवा शोधला नाही. ती बांधावरून किंचाळली. विनेशचा टेम्पो पुन्हा निघाला.

अंबाजीला बातमी गिरणीत कळली. त्याने पट्टा थांबवला. माणसं पोती घेऊन उभी होती, त्यांच्याकडे न बघता तो बाकड्यावर बसला. त्याला आपल्या छातीतल्या कळेची आठवण झाली, पण ही कळ त्याहून वाईट होती. रघू गेला तर? तर तो माझ्या शब्दावर गेला. बाकी कुणाचं ऐकणार नाही म्हणाला होता, माझंच ऐकलं.

रघू गेला नाही. वेळेवर पोहोचला होता. अंबाजीसारखीच जाळी बसली. क्रांती अंबाजीला म्हणाली, “काका, दोन महिन्यांच्या भाताने असं होत नाही. चाळीस वर्षांची तंबाखू आहे, घराण्यात दुखणं आहे.” अंबाजीला जरा हायसं वाटणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “पण मी बोलावल्यावर ते परत तपासायला आले असते, तर आधी कळलं असतं. ते का आले नाहीत तेच कळलं नाही मला.”

अंबाजीला कळलं होतं. त्याने घरी येऊन मनुबाईला सगळं सांगितलं. तिने एकदाही थट्टा केली नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच लागलं.

“त्याला सांगा,” ती म्हणाली. “आनि त्याला येकट्याला न्हाय. ज्यांच्यासमोर खोटं बोललात त्यांच्यासमोर.”

रघू घरी आल्यावर चौथ्या दिवशी अंबाजी त्याच्या पडवीत गेला. भेटायला आलेली माणसं होतीच, विनेश होता, पारावरचे दोन म्हातारे होते. अंबाजीने कोपऱ्यातलं ते पोतं खांद्यावर टाकून आणलं होतं. मनुबाई ‘उचलू नका’ म्हणत मागून धावत आली होती. त्याने पोतं रघूपुढे ठेवून त्याची दोरी सोडली.

“ह्यो मी खातंय. वैशाखापासनं. कोंबड्या न्हाय खात. मी तुला खोटं सांगितलं.”

रघूने वाकून मूठभर तांदूळ काढला, तपकिरी दाणे बोटांत फिरवले, एक दाताखाली धरून पाहिला.

“का रं?” त्याने विचारलं.

“लाज वाटली. भिंतीवर लिवलंय ना.”

रघूने दाणे परत पोत्यात टाकले. तो चिडला असता तर अंबाजीला बरं वाटलं असतं. शेवटी तो म्हणाला, “माझा तुझ्या शब्दावर आता भरवसा न्हाय, अंबाजी.”

अंबाजीने मान खाली घातली.

“ताटावर ठेवीन,” रघू म्हणाला. “रोज दुपारी तुझं ताट वाढून इथं घेऊन यायचं. माझ्यासमोर बसून जेवायचं. तुझ्या ताटात दिसंल तेच मी खाईन. न्हाय आलास तर माझी बायको पांढरा भात वाढंल आनि मी खाईन, आनि काय झालं तर ते तुझ्या डोक्यावर.”

“रोज?”

“रोज.”

आणि इतक्यात पारावरचा एक म्हातारा घसा खाकरून म्हणाला, “अंबाजी, ते... मलाबी जरा देशील काय? कोंबड्यांसाठी.”

“तुझ्याकडं कोंबडी कुटं हाय?” दुसऱ्याने विचारलं.

“आनीन की येक.”

पडवी हसायला लागली. रघूला हसताना छातीला हात लावावा लागला आणि त्याच्या बायकोने सगळ्यांना हाकलून दिलं. मात्र त्या आठवड्यात चारपाच जण गिरणीत येऊन तेच बोलले. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाला क्रांतीने वहीतून आकडा दाखवलेला. आंबेटेपमध्ये कागदोपत्री कोंबड्यांची संख्या एकाएकी वाढली. अंबाजीने पोत्यावरची खडूची अक्षरं पुसायला हात उचलला होता, पण मग राहू दिली. ते नाव वाचलं की त्याला पडवीतला रघूचा चेहरा दिसायचा, आणि तो दिसत राहिलेला बरा असं त्याला वाटलं. आता बोर्लीच्या बाजारातही लोक तसंच म्हणतात. मुंबईहून दिवेआगरला आलेली एक बाई परवा गिरणीत येऊन म्हणाली, “तो तुमचा कोंबड्यांचा तांदूळ, एक पिशवी द्या.” स्वतःच्या तोंडाने काय मागितलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

लग्नाच्या घरांना अंबाजी अजून तीन फेऱ्यांचा तांदूळ देतो. त्याचं म्हणणं, एक दिवस खाल्ल्याने कुणी मरत नाही आणि सूप दाखवायची बायकांची हौस का मोडा. पण आधी विचारतो, घरात रोज कोणता खाता? आणि ऐकून घेतल्यावर बोलतो. भिंतीवरचं वाक्य त्याने तसंच ठेवलंय. फक्त आता बोलायचं काम त्याच्याकडे आलंय.

दुपारी मात्र तो गिरणी बंद करतो. बाराच्या सुमारास अंबाजी फडक्याने झाकलेलं ताट दोन्ही हातांत धरून वरच्या आळीला चढताना दिसतो, देवाला नैवेद्य चालवल्यासारखा. पडवीत पोचला की रघू म्हणतो, “दाखव.” अंबाजी फडकं काढतो. वाटीभर तपकिरी भात, कुळीथ किंवा वाल, हिरवी भाजी, पेरूची फोड. रघू बोटाने एकेक पदार्थ मोजतो आणि आत हाक मारून तसंच ताट मागवतो. पहिल्या महिन्यात जेवताना तो अंबाजीशी बोलत नसे. दुसऱ्यात भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. तिसऱ्यात तिसरीच्या मास्तरांची गोष्ट निघाली आणि दोघांना ठसका लागला. त्याने तंबाखू सोडली, म्हणजे निदान अंबाजीसमोर तरी.

यंदा पुन्हा कार्तिक आला. रघू स्वतः पोतं घेऊन आला, विनेशच्या टेम्पोतून. गिरणीत माणसं जमली. पट्टा फिरला, पहिल्या फेरीचा दाणा बाहेर पडला, आणि अंबाजीने सगळ्यांसमोर यंत्र थांबवलं. दोघांनी तो मळकट गरम तांदूळ मूठभर तोंडात टाकला. अंबाजीने आपली मूठ गिळली. गिळताना त्याला आईची ओंजळ आठवली, आणि वाटलं, तिला हे सांगितलं असतं तर ती हसलीच असती: मुसळाविना सडलेला तांदूळ, आणि कोंडा जागच्या जागी.

मग रघू घरी गेला आणि गर्दी उसळली. नवं भात, पहिला दिवस, बोर्लीची, म्हसळ्याकडची पोती. मध्ये पट्टा तुटला, तो जोडण्यात वेळ गेला. अंबाजीने घड्याळाकडे पाहिलं तेव्हा अडीच वाजले होते. मनुबाईने झाकून ठेवलेलं ताट उचलून तो धापा टाकत वरच्या आळीला चढला. वाटेत मनात हिशेब करत होता, आता रघूने पांढरा भात मागवला असेल, जेवून झोपलाही असेल. तसं झालं असलं तरी हरकत नव्हती. गेल्याच आठवड्यात रघूचे आकडे बघून क्रांतीने त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

रघू पडवीत पाटावर बसलेला होता. समोर ताट, तपकिरी भात, कुळीथ, भाजी. सगळं गार झालेलं, आणि कशालाच हात लावलेला नाही.

“बाराधरनं बसलेत,” त्याची बायको आतून म्हणाली. “म्हनलं जेवा, तर ऐकायलाच तयार न्हाईत.”

अंबाजी उंबऱ्याशी टेकला. त्याला दम लागला होता. “आरं, वर्स होत आलं,” तो म्हणाला. “आजून भरवसा न्हाय व्हय माझा?”

“भरवसा कवाच बसला,” रघू म्हणाला आणि त्याच्यासाठी पाट सरकवला. “पन ह्यो भात येकट्याला चावायला लय येळ लागतो.”

अंबाजी पाटावर बसला आणि त्याने ताटावरचं फडकं काढलं.